लेकीचा ॲनोरेक्सिया: नाशिकमधल्या पावणेदोन वर्षांच्या नोंदी

ॲनोरेक्सिया म्हणजे खाणं तोडत जाण्याचा आणि बारीक असूनही स्वतःला जाड समजण्याचा मानसिक आजार. लेकीने हे आधी वाचलं, दोन वाक्यं खोडली आणि मग 'टाका' म्हणाली. वजनाचे आकडे, कॅलरीचे आकडे आणि जेवण चुकवायच्या युक्त्या यात मुद्दाम घातलेल्या नाहीत. वाचणाऱ्यांत आजारी मुलंमुलीही असणार आणि असे आकडे त्यांना स्पर्धेच्या निकालासारखे वाटतात. तारखा, खर्च आणि कागदपत्रं मात्र आहेत, कारण २०२३च्या दिवाळीत आम्ही शोधत होतो तेव्हा नेमकं तेच कुठे सापडत नव्हतं.

त्या साली अधिक मास श्रावणात आला होता. म्हणजे १८ जुलैपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत श्रावणच श्रावण. अकरावीतल्या मुलीने सोमवार धरले, मग शनिवार धरले, मग 'अधिकात एकभुक्त राहते' म्हणाली. घरात कौतुकच झालं. उपवासासारखा सोयीचा आडोसा आपल्याकडे दुसरा नाही. फरक कळतो तो उपवास सोडताना. श्रद्धेने उपवास करणारा माणूस संध्याकाळी ताटाकडे बघत असतो. इथे सोडायची वेळ झाली की डोकं दुखायचं, नाहीतर जादा क्लास निघायचा. त्याच सुमाराला ती तासन्‌तास पाककृतींचे व्हिडिओ बघायला लागली. शेजारच्या मुलांसाठी केक करायची, स्वतः बोटभरही चाखायची नाही. स्वयंपाकाची गोडी लागली म्हणून आम्ही खूश! पुढे डॉक्टरांनी सांगितलं की १९४४-४५ साली अमेरिकेत मिनेसोटा इथे ३६ धडधाकट तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवून एक प्रयोग झाला होता. तेही पाककृतींची पुस्तकं घेऊन बसायचे, घास तासभर चिवडत राहायचे, चिडायचे आणि एकटे पडायचे. त्यांच्या मनात आधी काहीच बिघडलेलं नव्हतं, उपासमारीने तसं केलं होतं. हे ऐकल्यावर घरातली 'हिला झालंय तरी काय' ही चर्चा बरीच निवळली.

ऑक्टोबर आणि नोव्हेंबरचे सात आठवडे वाया गेले. पाळी थांबली म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञ, सोनोग्राफी, थायरॉईड. जेवल्यावर पोट फुगतं म्हणते म्हणून पोटाचे डॉक्टर आणि ॲसिडिटीच्या गोळ्या. 'मी जाड आहे' असं ती कोणत्याही डॉक्टरपुढे म्हणाली नाही. 'भूक नाही, पोट भरल्यासारखं वाटतं' एवढंच. आपल्याकडच्या मुलींमध्ये हे बऱ्याचदा असंच दिसतं, आणि म्हणून तपासणारा पोटातच शोधत राहतो. पोट फुगणं खरंच असतं. फार दिवस कमी खाल्लं की जठर रिकामं व्हायला वेळ लागतो. त्यावरचा उपाय नियमित खाणं हाच आहे, पण हे त्या सात आठवड्यांत कुणी सांगितलं नाही.

मानसोपचारतज्ज्ञांची वेळ २८ नोव्हेंबरची मिळाली. कॉलेज रोड परिसरातला दवाखाना, फी ७०० रुपये, वाट बघणं दीड तास. तिला २६ प्रश्नांचा एक फॉर्म एकटीला भरायला दिला. २० किंवा जास्त गुण आले तर पुढची सविस्तर तपासणी करायची असते, तेवढ्यावर निदान होत नाही. मग झोपून आणि उभं राहून, दोन्ही वेळा नाडी आणि रक्तदाब. उभी राहिली की रक्तदाब पडत होता, आणि नाडी मिनिटाला ४६, म्हणजे फार मंद. आम्ही तोपर्यंत म्हणत होतो, 'रोज सायकल चालवते, खेळाडूचं हृदय आहे.'

रक्ताच्या चिठ्ठीबद्दल एक सांगतो. लॅबमध्ये 'इलेक्ट्रोलाइट्स' म्हटलं की बहुधा सोडियम, पोटॅशियम आणि क्लोराइड एवढंच होतं. फॉस्फरस आणि मॅग्नेशियम वेगळे लिहून घ्यावे लागतात. आमच्या पहिल्या रिपोर्टात ते नव्हते, म्हणून दुसऱ्यांदा सुई टोचावी लागली. साखर, हिमोग्लोबिन, लिव्हर, किडनी आणि ईसीजी धरून पहिल्या दिवशी ३,४०० रुपये झाले. खासगी परवडत नसेल तर त्र्यंबक रोडवरच्या जिल्हा शासकीय रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. १५ ऑगस्ट २०२३पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतले उपचार नि:शुल्क झाले आहेत. रात्री-अपरात्री काही सुचेनासं झालं तर १४४१६ हा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे. तो चोवीस तास असतो आणि मराठीत बोलता येतं.

२९ नोव्हेंबर ते ८ डिसेंबर तिला खासगी रुग्णालयात ठेवलं. अंगात काही नाही तर सलाइन लावा, भरपूर खाऊ घाला, असं नातेवाईक फोनवर सांगत होते. तेच सगळ्यात धोक्याचं. उपाशी शरीरात अचानक अन्न गेलं की इन्सुलिन वाढतं आणि रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम पेशींमध्ये ओढलं जातं. रक्तातली पातळी कोसळली की हृदयाचे ठोके बिघडू शकतात. म्हणून आधी थायमिन (बी१ जीवनसत्त्व), मग बेताचं खाणं, रोज रक्त, आणि रिपोर्ट बघूनच पुढची वाढ. पहिला आठवडा याच चिंतेचा असतो. घरच्या घरी 'आता भरपूर खा' मोहीम सुरू करू नये, ती याच कारणासाठी.

बिल ८६,४०० रुपये. कॅशलेस नाकारलं. नंतर भरलेला दावाही २२ जानेवारी २०२४ला परत आला, कारण 'मानसिक आजार वगळलेले'. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ च्या कलम २१(४) प्रमाणे विमा कंपनीने मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच धरायला हवं. हे कलम लिहून आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला मेल केला, पोच क्रमांक घेतला आणि मग विमा नियामकाच्या 'बिमा भरोसा' पोर्टलवर तक्रार टाकली. महिन्यात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर पुढे विमा लोकपाल. आमचं तिथवर गेलं नाही, ६ मे रोजी ७१,२५० रुपये जमा झाले. डिस्चार्ज कार्डावर निदानासोबत आयसीडीचे, म्हणजे आजारांच्या आंतरराष्ट्रीय यादीतले कोड घालून घ्या. आमच्या कार्डावर ॲनोरेक्सियाचा एफ ५०.० होता, मंद नाडीचा आर ००.१ नव्हता. तो नंतर डॉक्टरांच्या पत्रात लिहून आणावा लागला. बाह्यरुग्ण तपासणी आणि समुपदेशन आमच्या पॉलिसीत नव्हतं, तो खर्च पदरचाच.

घरी आल्यावर खरी गाडी सुरू झाली. किशोरवयातल्या ॲनोरेक्सियासाठी कुटुंबाच्या हाती जेवण सोपवणारी एक उपचारपद्धत आहे, ती लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात १९८०च्या दशकात आकाराला आली. आम्हाला त्यात काम करणाऱ्या मानसशास्त्रज्ञ मुंबईत मिळाल्या. शोधताना भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा, न बिचकता. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे तो असतो. पहिली भेट १६ डिसेंबरला, सकाळच्या पंचवटी एक्सप्रेसने, साडेदहाचं खाणं गाडीतच डब्यातून. नंतरच्या भेटी ऑनलाइन, गुरुवारी ५० मिनिटं, १,८०० रुपये.

पद्धत सांगायला सोपी आहे. काय, किती आणि केव्हा खायचं हे काही महिने फक्त आईवडील ठरवतात. सहा वेळा खाणं: साडेसात, साडेदहा, एक, साडेचार, आठ आणि झोपताना दूध. जेवणाला अर्धा तास, मधल्या खाण्याला पंधरा मिनिटं. नंतर तासभर कुणीतरी सोबत, बाथरूमही जेवणाआधीच उरकायचं. ताट आम्ही वाढायचं आणि वाढताना तिने स्वयंपाकघरात यायचं नाही. पोह्यात शेंगदाणे, वरणावर तूप, भाजीत कूट, पोळीला तूप लावलेलं. ढीग वाढवण्यापेक्षा तेवढ्याच घासात जास्त अंगी लागेल असं करायचं, कारण पोट लवकर भरतं.

चुकतं कुठे, तर वाटाघाटीत. 'अर्धी पोळी राहू दे, त्याऐवजी ताक पिते' याला एकदा हो म्हटलं की दुसऱ्या दिवशी बोलणं पाव पोळीपासून सुरू होतं. दुसरी चूक म्हणजे दोघांत फट. आई तूप लावते आणि बाबा 'आज राहू दे' म्हणतात, हे आजाराला लगेच कळतं. तिसरी आमच्याकडे आजीची होती. 'असू दे रे, तिच्या पोटात जागा नसेल,' असं ती मायेने म्हणायची. तिला डॉक्टरांनी स्वतः समजावलं, मुलाचं ती ऐकणार नव्हती. ताटावर बसून आम्ही दोनच वाक्यं बोलायचो: 'हे तुझं औषध आहे' आणि 'संपेपर्यंत मी इथेच आहे.' बाकी गप्पा भलत्याच विषयावर. पहिल्या पंधरा दिवसांत ताटं आपटली गेली, पोळी भिंतीवर गेली. नवं ताट वाढायचं, तेवढंच. याने तुम्हाला रडू येणार. स्वयंपाकघरात जाऊन रडा आणि घड्याळ बघून परत या.

कॉलेज सुरू झालं तेव्हा एकचा डबा हा प्रश्न होता. पाच महिने आम्ही आळीपाळीने कॉलेजच्या बाहेर गाडी लावायचो, ती मागच्या सीटवर बसून जेवायची. हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली गेली होती. त्यासाठी डॉक्टरांचं प्रमाणपत्र, पालकांचा अर्ज आणि दाखल असल्याच्या तारखा असे तीन कागद दिले. प्रमाणपत्रात 'उपचार सुरू आहेत, अमुक काळ विश्रांती आवश्यक' एवढं पुरतं. आजाराचं नाव घालायची गरज पडली नाही.

आता दिसण्याबद्दल, कारण सगळ्यांना त्याचीच घाई असते. 'अगं, आरशात बघ, किती बारीक झालीस!' हे वाक्य आम्ही शंभरदा तरी बोललो असू. दर वेळी तिला एकच कळायचं: बाबा खोटं बोलतात. मानसशास्त्रज्ञांनी पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं की आरशाशी वाद घालू नका, तो सगळ्यात शेवटी सुधारतो. पोट उपाशी असेपर्यंत त्यावर काम करूनही उपयोग नाही. 'आता छान दिसतेस' हेही बंद करा, कारण त्यात पुन्हा दिसण्यालाच गुण दिले जातात. आम्ही म्हणायला शिकलो, 'तुला आत्ता त्रास होतोय ते दिसतंय. जेवण साडेआठपर्यंत आहे.'

मराठीत याची एक खास अडचण आहे. आपल्याकडे 'तब्येत' म्हणजे आरोग्य आणि 'तब्येत' म्हणजे जाडीही. १५ जानेवारीला, संक्रांतीच्या दिवशी, एका काकूंनी तिळगूळ देताना प्रेमाने म्हटलं, 'तब्येत सुधारली हो!' पुढचे दोन दिवस सहाच्या सहा जेवणांना लढाई झाली. मग नातेवाइकांच्या ग्रुपवर एक निरोप टाकला, तो तसाच देतो: 'तिच्या अंगाबद्दल, चेहऱ्याबद्दल, खाण्याबद्दल कृपया चांगलंही बोलू नका, वाईटही नको. अभ्यास, सिनेमा, मांजर यावर भरपूर बोला.' दोघं रागावले. बाकीच्यांनी पाळलं.

मेपर्यंत वजन डॉक्टरांनी ठरवलेल्या पट्ट्यात आलं, पाळीही परत आली. वजन घरी कधीच केलं नाही. काटा माळ्यावर टाकला होता, मंगळवारी सकाळी दवाखान्यातच व्हायचं, त्याची वेगळी फी नव्हती. बाहेरच्यांना वाटलं झालं, बरी झाली. घरात मात्र ती स्वयंपाकघराच्या दारातून अजून अंग तिरकं करून आत यायची. आम्हाला ती सवय वाटायची. तर २०१३ साली नेदरलँड्समधल्या उट्रेख्त विद्यापीठाने याच गोष्टीचा अभ्यास केला होता. निरोगी बायका फट खांद्यांच्या रुंदीपेक्षा साधारण २५ टक्क्यांनी मोठी असेपर्यंतच खांदा वळवत होत्या, ॲनोरेक्सिया असलेल्या मात्र ४० टक्क्यांनी मोठी असली तरी. म्हणजे आपण रुंद आहोत ही समजूत तोंडच्या बोलण्यापुरती नसते, चालताना पायसुद्धा तीच धरून चालतात.

११ जुलैला मानसशास्त्रज्ञांनी सुतळी आणायला सांगितली. स्वतःच्या कमरेचा घेर किती असेल, तेवढं वेटोळं अंदाजाने जमिनीवर मांडायचं. तिने मांडलं, दोनदा मोठं केलं. मग तीच सुतळी कमरेला लावली तर उरलेलं टोक एक वीत आणि दोन बोटं. ती बराच वेळ ते टोक हातात धरून बसली. मग आईच्या कमरेचा अंदाज करायला सांगितलं, तो दोन बोटांत बरोबर आला. डोळे ठीक होते. चुकत होतं ते फक्त स्वतःला मोजताना. या एका प्रयोगाने मत बदलत नाही आणि 'बघ, सिद्ध झालं' म्हणायचं नाही, असं आम्हाला आधीच बजावलेलं होतं.

पुढचं काम कंटाळवाणं आणि उपयोगाचं. आधी एक दिवस नुसती मोजदाद: मनगटाला बोटांचं कडं घालून बघणं, गळ्याजवळचं हाड चाचपणं, लिफ्टच्या आरशात पोट बघणं, दुकानाच्या काचेत बघणं, वर्गातल्या मुलींशी तुलना. दर वेळी वहीत एक रेघ. संध्याकाळी ६१ रेघा झाल्या. तिला स्वतःला पंधरा-वीस वाटल्या होत्या. एकाच जागेकडे जवळून टक लावून बघितलं की ती जागा मोठी वाटायला लागते. मग एकेक सवय कमी करत न्यायची, सगळ्यात आधी मनगट, कारण ते सगळ्यात सोपं. उलटाही प्रकार असतो, आरसा पूर्ण टाळणं आणि ढगळ कपड्यांत राहणं. तोही तेवढाच भीती टिकवतो.

आरशाचा सराव ऑगस्टपासून. चार पावलं लांब उभं राहायचं आणि फोनवरच्या माणसाला सांगावं तसं डोक्यापासून पायापर्यंत वर्णन करायचं. 'उजव्या भुवईत खोक आहे. खांदे सरळ. गुडघ्यावर सायकलवरून पडल्याची खूण.' 'घाण', 'भयंकर' असे शब्द आले की थांबायचं आणि तो भाग पुन्हा साध्या शब्दांत सांगायचा. दर वेळी दहा मिनिटं, मानसशास्त्रज्ञ ऑनलाइन असतानाच. पहिल्या तीन वेळा मांडीपाशी येऊन सगळं थांबलं.

'जाड वाटतंय' याचीही वही होती. वाटलं की त्याआधीच्या तासात काय झालं ते लिहायचं. दोन आठवड्यांनी वाचलं तर चाचणीत कमी गुण, मैत्रिणीने उत्तर न देणं, उन्हात सिटीलिंक बसच्या गर्दीत उभं राहणं, घट्ट जीन्स. अंग दोन तासांत बदलत नाही, मन बदलतं, आणि त्याला तिच्याकडे एकच शब्द होता. 'आज चिडचिड झाली' असं ती म्हणायला लागली, तेव्हा आम्हाला पहिल्यांदा हलकं वाटलं. त्याच सुमाराला मानसशास्त्रज्ञांनी वर्तुळ काढून विचारलं की स्वतःला चांगलं-वाईट ठरवताना कशाला किती वाटा देतेस. लेक म्हणाली, 'ही भाकरीच झाली.' भाकरीचा पाऊणाच्या आसपास भाग अंगाचा होता. तो कापायचा नाही, दुसरे तुकडे वाढवायचे, असं ठरलं. तबला बंद पडला होता, तो परत सुरू केला.

जुने कपडे तिच्यासमोर न फेकता एका पिशवीत भरून मामाकडे ठेवले. मेन रोडवरून दोन सैलसर कुर्ते आणले आणि मापाची चिठ्ठी घरी येण्याआधीच कापली. हे कुणी सांगितलं नव्हतं, पण करा.

३ ऑक्टोबर २०२४ला नवरात्र बसलं. डॉक्टरांनी किमान वर्षभर उपवास नको असं सांगितलेलं होतं. एकटीला ताट वाढलं असतं तर ती वेगळी पडली असती, म्हणून त्या वर्षी घरात कुणीच उपवास धरला नाही. तिच्याकडे अखंड दिव्याची आणि रोजच्या माळेची जबाबदारी दिली. तरी पाचव्या दिवशी दूध बेसिनमध्ये गेलं. सैल सोडलेला दोर दोन आठवड्यांसाठी पुन्हा आखडला, झोपतानाचं दूध पुन्हा समोर बसून. पाय घसरेल हे धरूनच चालावं. त्यात आधीचं सगळं वाया जात नाही.

बारावीची परीक्षा ११ फेब्रुवारी २०२५ला सुरू झाली. डबा तिने स्वतः भरला, आम्ही झाकण उघडून बघितलं नाही. बघावंसं वाटलं होतं.

एकूण हिशेब असा: मानसशास्त्रज्ञांच्या ३४ भेटींचे ६१,२००, मानसोपचारतज्ज्ञांच्या २६ भेटींचे १८,२००, आहारतज्ज्ञांच्या पाच भेटींचे ३,०००, तपासण्या साधारण १४,००० आणि रुग्णालयाचे न मिळालेले १५,१५०. प्रवास सोडून १ लाख ११ हजारांच्या वर. ॲनोरेक्सियावर खास असं मान्यताप्राप्त औषध नाही. तिला काही महिने झोपेसाठी आणि चिंतेसाठी गोळी होती, तिचे पैसे किरकोळ. आणखी एक, वजन चारचौघांसारखं असणाऱ्या मुलांनाही खाण्याचे विकार असतात. खाऊन उलटी काढणं किंवा एकदम खूप खाणं हे अंगावर दिसत नाही, तेव्हा 'हाडं तर दिसत नाहीत' म्हणून थांबू नका.

२२ मे २०२५ला पुन्हा सुतळी काढली. तिने वेटोळं मांडलं, या वेळी मोठं केलं नाही. कमरेला लावल्यावर टोक उरलं तीन बोटं. 'अजून आहेच की,' ती म्हणाली आणि सुतळी गुंडाळून ड्रॉवरमध्ये टाकली. भेटी आता तीन महिन्यांतून एकदा आहेत. पुढची ऑगस्टमध्ये. जाताना जुना ईसीजी आणि फॉस्फरसचा शेवटचा रिपोर्ट फाइलच्या वर लावायचा आहे.